मायचा गोटा, वहिनीची पानथरी

मला मारामारी फार आवडते. करायची हौस बेताची, बघायची मोठी, आणि नंतर तिखटमीठ लावून सांगायची तर विचारूच नका. देवाने ही आवड ओळखूनच मला नोकरी दिली असावी. धुळ्यातल्या एका दवाखान्यात मी कॅज्युअल्टीची सिस्टर आहे. खान्देशात कुठेही कुणी कुणाला हाणलं, की त्या नाटकाचा दुसरा अंक आमच्याकडे होतो. पहिला अंक मला फुकट ऐकायला मिळतो, कारण टाके घालताना माणूस सहसा खोटं बोलत नाही.

पिंपळनेरकडचा एक गडी आला होता. पोळ्याच्या दिवशी स्वतःच्याच बैलाला पुरणपोळी भरवायला गेला. बैलाने आधी पोळी खाल्ली, मग मालकाला शिंगावर घेतलं. धरणगावकडच्या एका लग्नात डीजेवर कोणतं गाणं लावायचं यावरून दोन वऱ्हाडं भिडली. खुर्च्या उडाल्या, बासुंदीचं पातेलं उडालं आणि नवरदेवाच्या मामाला उजव्या बरगडीखाली लाथ बसली. हे मामा स्वतःच्या पायांनी चालत आमच्या दारात आले, "माझा फेटा कोणी पाहिला का?" असं मला विचारून माझ्याच अंगावर कोसळले. त्यांचं यकृत फाटलं होतं. कपाळावर साधा ओरखडा नव्हता.

बरगडीखालची ती जागा मोठी दगाबाज. जळगावला मी शिकत होते तेव्हा आमच्या मोठ्या सिस्टरबाई वर्गात यायच्या आणि न सांगता एखादीच्या बरगडीखाली बोट खुपसायच्या. ती किंचाळली की विचारायच्या, "उजवीकडे खुपसलं की डावीकडे? उजवीकडे यकृत, बाई. डावीकडे पानथरी, मटणवाला तिल्ली म्हणतो ती. दोन्ही म्हणजे रक्ताने भरलेल्या पखाली. डोकं फुटलं तर गाव धावून येतं, कारण रक्त दिसतं. इथे मार बसला तर रक्त आत सांडतं आणि माणूस बाहेर बसून चहा मागतो. त्याला चहा देणारी पोरगी मला माझ्या वॉर्डात नको." माझ्या बरगडीखाली त्यांचं बोट दोनदा आलं. मी अजून विसरलेले नाही, आणि त्यांचा हेतूही तोच असावा.

आता आखाजीकडे येते. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, खापरावरचे मांडे होतात, आमरस होतो, गाणी होतात. हे सगळे सांगतात. आमच्या गावात दुसऱ्या दिवशी बार असतो, म्हणजे दोन गावच्या बायांची लढाई, हे मात्र कोणी फारसं सांगत नाही, कारण त्यात शिव्या फार. पारोळ्याच्या अलीकडे एक नदी आहे, उन्हाळ्यात कोरडी ठाक. अलीकडच्या काठावर माझं माहेर, पलीकडच्या काठावर दुसरं गाव. दोन्ही काठांवर बाया पदर खोचून उभ्या राहतात. पुरुषांना मनाई. आधी शिव्या, मग फेकाफेकी. पूर्वी दगड चालायचे. आता पोलीसपाटलाने बंदी केली आहे, म्हणून ढेकळं, गोवऱ्या आणि सडके कांदे.

आमच्या घरात या बाराला वेगळाच रंग चढतो. माझी वहिनी पलीकडच्या गावची, आणि बार खेळायचा तो माहेराच्या बाजूने. त्यामुळे वर्षभर एका चुलीवर भाकरी थापणाऱ्या सासू-सुना त्या दिवशी समोरासमोर. आमच्या बाजूची सेनापती म्हणजे माझी माय. सत्तरी ओलांडली, पण ज्वारीवरची पाखरं हाकलून हाकलून तिचा दंड अजून तेलपाणी केलेल्या लाठीसारखा आहे. पोलीसपाटलाची बंदी ती मानते. फक्त तिच्या कमरेला गोफण खोचलेली असते, आणि गोफणीत काय घालायचं हे पोलीसपाटील बोललेला नाही, असं तिचं म्हणणं.

बाराचा नियम एकच. "लागलं" म्हणायचं नाही, बार थांबून घरी गेल्यावरही नाही. ज्या गावची बाई "लागलं" म्हणेल ते गाव हरलं, आणि मग बाजारात, लग्नात, दळणाच्या गिरणीत वर्षभर "रडकं गाव" म्हणून ऐकून घ्यायचं. नाहीतर एखाद्या गावच्या मोठ्या बाईने स्वतःहून हार मानायची, की खेळ खलास. अशी हार कोणी मानल्याचं मी तरी कधी ऐकलं नव्हतं. आमच्या एका चुलत काकूचा दात पडला होता बारात. तिने तो थुंकला आणि चिंचोका होता म्हणून सांगितलं. ती अजून तेच सांगते, आणि हसली की खिडकी दिसते.

यंदाच्या बारात वहिनी जोरात होती. काठाच्या अगदी टोकावर उभी राहून तिने हात नाचवले.

"ओ सासूबाई! तुमना गावना माणसे भाकर मोडाले बी बायकोले इचारतस!"

माय कशाला मागे राहते? "म्हनीसनच तुना बापनी आठे पोर दिधी ना वं!"

म्हणूनच बापाने पोर इथे दिली, हे ऐकून दोन्ही काठ हसून लोळले. मग कांदे सुटले. एक माझ्या कानावर फुटला आणि त्याचं पाणी चोळीत गेलं. माझ्या शेजारणीने गोवरी फेकली ती आमच्याच सरपंचीणबाईंच्या पाठीत बसली, आणि त्यांनी मागे वळून तिला असा धपाटा घातला की क्षणभर आमच्याच काठावर दुसरा बार सुरू होतो की काय असं वाटलं. धूळ, शेण, बांगड्यांचा खणखणाट आणि शिव्या. काय सांगू, अंगावर मूठभर मांस चढतं!

तेवढ्यात वहिनीने डोक्यावर दोन्ही हातांनी मोठी गोवरी उचलली. तिची सगळी डावी कूस उघडी पडली. माझ्या बाजूला सूंऽऽ असा आवाज झाला. मायची गोफण. पलीकडे ओल्या पोत्यावर काठी बसावी तसा थप्प आवाज आला, आणि वहिनीच्या हातातली गोवरी तिच्याच पायांवर पडली. ती वाकली.

मग ती सरळ झाली, कमरेवर हात ठेवले आणि हसली. "सासूबाई, गुदगुल्या व्हतस ना!"

पलीकडून आरोळी उठली. खरं सांगते, टाळ्या मीही वाजवल्या. असा अभिनय मी कुठल्या तमाशात पाहिला नव्हता.

ऊन कललं तसा बार थांबला. कोणी हरलं नाही, कोणी जिंकलं नाही. बारानंतर वहिनीला परत सासरी आणायचं काम नणंदेचं, म्हणून भाऊच्या गाडीत बसून मी पलीकडे गेले. भाऊ म्हणजे माझा मोठा भाऊ, वहिनीचा नवरा. तो गाडीपाशी थांबला, कारण बाराच्या दिवशी पलीकडच्या अंगणात जावयाने पाय ठेवला तर त्याला शेणाची अंघोळ घालतात.

वहिनी निंबाखाली बाजेवर बसली होती. तिची म्हातारी चुलती तिच्या डाव्या खांद्याला तेल चोळत होती.

"काय झालं?"

"झोका जास्त घेतला, अक्का. खांदा भरून आला."

मी तिच्याकडे पाहिलं. वारा गार सुटला होता, तरी तिच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब. चेहरा कालच्या मळलेल्या पिठासारखा. ती नीट टेकत नव्हती, नीट बसत नव्हती, आणि दर थोड्या वेळाने पाणी मागत होती.

"जरा आडव्या व्हा बरं."

ती आडवी झाली आणि विंचू चावल्यासारखी उठली. "नको! आडवं झालं की खांद्यातून कळ जाते."

आता हे कोणालाही विचित्रच वाटेल. मार बसला पोटाला आणि दुखतो खांदा! पण डाव्या बरगडीखाली रक्त सांडलं की ते छाती-पोटामधल्या पडद्याला जाऊन लागतं, आणि तो पडदा आपली तक्रार पोटाकडे न करता खांद्याकडे करतो. आडवं झालं की रक्त वर सरकतं आणि तक्रार वाढते. मी तिचं मनगट धरलं. हात थंडगार, आणि नाडी मुठीत धरलेल्या चिमणीसारखी, बारीक आणि भराभर.

हसू, शिव्या, सगळं उतरलं. ही बाई मरायला लागली होती, आणि अंगणात कोणाला पत्ता नव्हता.

"वहिनी, मायचा गोटा कुठे बसला?"

"तुमच्या मायचा गोटा बसतो का कोणाला?"

"वहिनी!"

"गुदगुल्या झाल्या म्हटलं ना, अक्का."

मी सरळ तिचा पदर बाजूला केला. डाव्या बरगडीखाली रुपयाएवढा लालसर डाग. बस्स, तेवढाच. पण वर हात ठेवला तर पोट पाटासारखं घट्ट. तिने माझा हात झिडकारला.

तिच्या आईने हळदीचं दूध आणलं. चुलती म्हणाली, "पोटबी दुखस ना? मंग बेंबी सरकनी व्हई. थांब." आणि तिने तयारी मांडली. आमच्याकडे बेंबी सरकली म्हणजे पोटावर कणकेचा दिवा ठेवून पेटवतात, त्यावर तांब्या उपडा घालतात. तांब्या कातडीला घट्ट धरतो, तो ओढतात, आणि नंतर दोन्ही अंगठ्यांनी पोट चांगलं रगडतात. फुटलेल्या पानथरीवर अंगठे!

"हात लावायचा नाही पोटाला! दूध नाही, पाणी नाही, काही नाही! ही आत्ता धुळ्याला चालली!"

अंगणातल्या बाया उभ्या राहिल्या. त्यांतली एक माझ्याकडे बोट दाखवून ओरडली, "नणंदेचा डाव शे हा! नदीवर जमलं नाही, आता घरात येऊन कबूल करून घेते!"

"आमची पोर रडत नाही म्हणून पोटात दुखतंय हिच्या!"

चुलतीने दिवा पेटवला. मी तांब्याला लाथ मारली. तो ठणठणत उखळापर्यंत गेला. चुलतीने माझा अंबाडा धरला. मी दुधाचा पेला उडवला. दोघींनी मला मागून ओढलं, माझ्या बांगड्या फुटल्या, मी एकीच्या मनगटाला कडकडून चावले, तिने माझ्या पाठीत असा बुक्का घातला की आजही पाऊस आला की तो मला आठवतो. कॅज्युअल्टीत इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या मारामाऱ्यांची पाहुणी होते. त्या दिवशी घरची होते.

गोंगाट ऐकून भाऊ शेणाची पर्वा न करता आत आला आणि वहिनीला उचलायला वाकला. तिने त्याला ढकललं. त्या ढकलण्यात जोर नव्हता, ते पाहून मी जास्त घाबरले.

"मी नाही येत," ती म्हणाली. "माझ्यामुळे माझं माहेर रडकं ठरू देणार नाही. मेले तरी चालेल."

"चालेल काय, तासाभरात तेच होणार आहे!"

तिने बाजेची दोरी घट्ट धरली. त्या अंगणात माझं शिक्षण, माझी नोकरी, माझा आरडाओरडा, काही चालेना. मी शत्रूची लेक होते. मग मी फोन काढला, मायला लावला आणि स्पीकर चालू केला.

"माय, तुझा गोटा वहिनीला बसलाय."

मायचा आवाज उत्सुक झाला. "तिनी कबूल करं का?"

"नाही. करणारही नाही. तिची पानथरी फुटली असेल, माय. पोटात रक्त सांडतंय. तू हार मानल्याशिवाय ही जागची हलत नाही."

अंगणात कोणीतरी फिदीफिदी हसलं आणि लगेच थांबलं. फोनमधून फक्त आमच्या घरच्या कोंबड्यांचा आवाज येत होता.

"तू सिस्टर म्हनीसन बोलस का मनी आंडेर म्हनीसन?"

"सिस्टर म्हणून." लेक म्हणून बोलायची ती वेळ नव्हती.

मायने खाकरून घसा साफ केला. नदीवर आरोळी द्यायच्या आधी ती असाच करते.

"आयका वं बठ्ठ्या! आम्ही हारनूत! मी हारनू, मना गाव हारना! आते त्या पोरले गाडीमा घाला!"

कोणी नाचलं नाही, कोणी टाळी दिली नाही. चुलतीच्या हातातला दिवा तसाच जळत होता.

वहिनीने मान वर केली. "सासूबाई, परत एक डाव म्हना."

"हारनूत, व माय! हारनूत!"

तेव्हा वहिनीने माझा हात धरला. "लागलंय, अक्का," ती म्हणाली. "फार लागलंय." आणि माझ्याच मांडीवर कलंडली.

त्यापुढे त्या बायांनी जे केलं त्याला तोड नाही. माझा अंबाडा ओढणाऱ्याच हातांनी गोधडीची झोळी धरली आणि वहिनीला न हलवता गाडीपर्यंत नेलं. अॅम्ब्युलन्सला भाऊने फोन केला होता, पण ती दुसऱ्या अपघाताकडे निघाली होती, आणि थांबण्यात अर्थ नव्हता. गाडीची सीट मागे पाडली, वहिनीला उताणं झोपवलं, गुडघ्यांखाली उशी दिली, अंगावर गोधडी. खांद्याची कळ सोसायला सांगितली. ती पाणी मागत होती. मी ओला रुमाल फक्त ओठांना लावला. ऑपरेशन करायचं तर पोट रिकामं हवं. पारोळ्यात थांबायचं का, भाऊने विचारलं. मी नाही म्हटलं. जिथे सर्जन आहे आणि रक्त आहे तिथेच जायचं, मधे कुठेही टेकून वेळ घालवायचा नाही. मी माझ्या दवाखान्यात फोन करून सगळं सांगितलं: गोफणीचा दगड, डावी बरगडी, खांद्याची कळ, नाडी, रक्तगट.

हायवेला लागलो आणि वहिनीचे डोळे मिटायला लागले.

"झोपायचं नाही."

"झोप येते, अक्का."

मग मला एकच सुचलं. "ए पलीकडचे! तुमच्या गावच्या म्हशी सुद्धा आमच्या पाण्यावर येतात, का माहितीय? तुमचं पाणी पाहून त्यांना लाज वाटते!"

तिच्या ओठांचा कोपरा हलला. "आणि तुमच्या गावचे बैल… आमच्याकडे शहाणपण शिकायला येतात."

"तुमच्या गावच्या सुना चुलीपाशी बसल्या की चूल विझते!"

"तुमच्या सासवा… विस्तवाला भितात."

भाऊ गाडी चालवता चालवता रडत होता आणि हसतही होता. मी शिव्या घालत राहिले. सभ्य संपल्या, मग नदीवरच्या काढल्या, मग कॅज्युअल्टीत शिकलेल्या. तिची उत्तरं आखूड होत गेली. "तुमचंच." "हट." मग नुसतं "हं." आणि मग मी तिच्या बापाच्या मिशीवरून असं काही बोलले की इतर वेळी तिने माझे डोळे काढले असते, आणि ती काहीच बोलली नाही.

"भाऊ, हॉर्न!"

तो हॉर्न दवाखान्याच्या दारापर्यंत थांबला नाही.

आत आमची माणसं तयार होती. स्ट्रेचर, दोन सलाइनी, पोटावर सोनोग्राफीचा दांडा, आणि पडद्यावर काळं काळं, म्हणजे सगळं रक्त. सर्जनसाहेबांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्या विस्कटलेल्या केसांकडे पाहिलं आणि काहीही न विचारता ते थिएटरकडे निघाले. मी मागे धावत होते, आणि दारापाशी मला थांबवलं. इतकी वर्षं त्या दाराच्या आत होते. बाहेर उभं राहणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं.

बाहेरही शांतता नव्हती म्हणा. एका पिकअपमधून दोन्ही गावच्या बाया आल्या होत्या, सगळ्या एकत्र आणि सगळ्या भांडत. "तुमच्या म्हातारीने मारली!" "तुमच्या पोरीने सांगितलं नाही!" एकीने दुसरीच्या थोबाडीत ठेवून दिली. वॉचमन मधे पडला, त्यालाही एक मिळाली. माय भिंतीला टेकून खाली बसली होती. कमरेची गोफण तिने काढून हातात घट्ट गुंडाळली होती, बोटं पांढरी पडेपर्यंत. आयुष्यात पहिल्यांदा ती भांडणात नव्हती.

सर्जनसाहेब बाहेर आले. पानथरीचे दोन तुकडे झाले होते, ती काढावी लागली. रक्त बरंच गेलं होतं. "जगेल," ते म्हणाले. "पुढे काही लसी घ्याव्या लागतील, ताप आला तर अंगावर काढायचा नाही." बाकीचं कोणी ऐकलं नाही, कारण दोन्ही गावं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती, आणि वॉचमन गाल चोळत बघत होता.

दुसऱ्या दिवशी आयसीयूत एकालाच सोडणार होते. भाऊ उठला, पण माय त्याच्या आधी आत शिरली. मी ड्यूटीवर नव्हते, तरी पडद्यामागे उभी राहिले. सिस्टर असण्याचे काही फायदे असतात.

मग वहिनीचा आवाज आला, कागद फाटावा तसा. "सासूबाई, नेम धरला होता का?"

माय म्हणाली, "धरा व्हता. तुना हातमानी गोवरीवर."

"गोवरी डोक्यावर होती."

"हां."

"आणि मी खाली."

"म्हनीसनच सांगस ना," माय म्हणाली. "हारनू."

मग पडदा बाजूला झाला आणि मायने मला न पाहिल्यासारखं करत विचारलं, "पानी देऊ का तिले?"

डॉक्टरांनी सकाळी परवानगी दिली होती. "चमचाभर," मी म्हटलं.

मायने चमचा भरला, वहिनीच्या तोंडापाशी नेला आणि खेकसली, "उघड तोंड. नदीवर तं गावभर उघडस."

वहिनीने उघडलं.